हरभऱ्याच्या दाळीतला मुरूम

अप्पा,

तुमच्या दुकानाच्या जागी आता झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्ती आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तो विषय पुन्हा मध्ये यायला नको. ओटा मात्र तोच आहे. त्यावर फरशी बसवली, पण तुम्ही ज्या कोपऱ्यात गूळ फोडायचात तो कोपरा खचलेला होता, तिथली फरशीही आता खचली आहे. गेल्या चार महिन्यांत मी त्या ओट्यावर तीनदा बसले. दोनदा झेरॉक्ससाठी आणि एकदा उगीच. दुकानातल्या पोराने विचारलं, "मावशी, काय काम होतं?" मी म्हटलं, काही नाही, गुडघे दुखतात. ते खोटंही नव्हतं.

मी कोण, ते सांगायला नको, पण तुमच्याकडे शंभर घरं यायची म्हणून सांगते. मी कडुनिंबाशेजारच्या घरातली, लाभ-दोन-तीनवाली. तुम्ही ज्वारी मापट्याने मोजायचात आणि पहिलं माप पोत्यात ओतताना "एक" कधीच म्हणायचा नाहीत, "लाभ" म्हणायचात. मग दोन, तीन, चार. मी शाळेत जायच्या आधीपासून ओट्यावर येऊन बसायची आणि तुमच्याबरोबर मोठ्याने मोजायची. पहिलीत गुरुजींनी उभं केलं, अंक म्हण म्हणाले, आणि मी ठणठणीत आवाजात "लाभ, दोन, तीन, चार" सुरू केलं. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "कोणत्या दुकानातून आलीस गं?" मी रडत तुमच्याकडे आले, घरी नाही गेले. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात आणि म्हणालात, "शाळेत एक म्हन. हितं आलीस की लाभ म्हन. दोन्हीकडं म्होरं दोनच येतंय की गं माय." हा हिशेब मला पटला होता. अजूनही पटतो.

पुढे मी मास्तरीण झाले. नांदेडला चौतीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, निवृत्त झाले आणि आईला एकटीला जमेना म्हणून लातूरला परत आले. गल्लीतल्या वाचनालयाची स्मरणिका निघणार आहे. त्यांचे सचिव घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुम्ही इतिहासाच्या. आपल्या भागातल्या किराणा दुकानांवर लिहा. दहा पानं भरली की झालं." मला आधी हसूच आलं. मी जन्मभर लढाया, तह, गाद्या शिकवल्या; मिठाला आणि साबणाला इतिहास असतो हे कधी मनातही आलं नव्हतं. पण रिकामं बसून वैताग आला होता. मी दोनशे पानी वही आणली, पानावर पाच रकाने आखले: दुकान, कोणी काढलं, केव्हा, बंद पडलं असल्यास का, आणि शेवटचा रकाना साधनाचा. म्हणजे ही माहिती कुठून मिळाली ते. मुलांना मी हेच शिकवत आले, की साधन सांगता येत नसेल तर वाक्य लिहू नका.

मग फिरले. उन्हाची छत्री घेऊन, सकाळी दहा ते बारा. पहिल्याच आठवड्यात कळलं की या गल्लीत प्रत्येकाचंच दुकान सर्वांत जुनं आहे. केव्हा काढलं विचारलं की कोणी साल सांगत नाही. एकाचं थोरलीच्या लग्नाच्या आदल्या साली, दुसऱ्याचं म्हातारी गेली त्याच्या पुढल्या पाडव्याला, तिसऱ्याचं म्हैस विकली तेव्हा. कोणाची म्हैस कोणाच्या लग्नाच्या आधी विकली गेली हे लावता लावता माझे पंधरा दिवस गेले. पण जुळलं. तुमच्याआधी गल्लीत दुकानच नव्हतं. लोक महिन्याचं सामान गोलाईच्या बाजारातून डोक्यावर आणायचे. तुम्ही रेणापूरहून आलात, समोरची खोली भाड्याने घेतलीत, क्रमाने लावायला आकडे घातलेल्या फळ्यांचं दार बसवलंत. तेव्हा पहिला मान तुमचा, आणि तो मी वहीत शाईने लिहिला आहे, बाकी सगळं पेन्सिलीने.

तुमच्यानंतरचं तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. तुमच्या समोर शटरचं दुकान निघालं ते तुमच्या डोळ्यांदेखत. मग कंपाउंडरच्या बायकोने खिडकीतून दूध, बिस्किटं, उदबत्ती विकायला सुरुवात केली. त्या खिडकीला पाटी कधीच नव्हती, पण वीस वर्षं चालली. मग लातुरात क्लासेस आले आणि गावोगावची पोरं आली. घराघरांत वर खोल्या चढल्या, पोरं राहायला आली, आणि दुकानांतून ज्वारीची पोती मागे गेली. पुढे आल्या बादल्या, उशा, मच्छरदाण्या, नूडल्सची पाकिटं, दोरीवर लटकवलेली शाम्पूची पुडकी. त्या पोरांकडे चूल नव्हती, तर दाळ कोण विचारणार? आता तर लोक मोबाइलवर यादी टाकतात आणि शटरवाल्यांची सून स्कूटीवर सामान घरी आणून देते. रिंगरोडला मॉल झालाय, तिथे दाळ मोठ्या पेटीत उघडी ठेवलेली असते, आपल्या हाताने भरून घ्यायची. पुडी कोणी बांधत नाही. माझ्याशी बोललेल्या एकाही दुकानदाराच्या नातवाला पुडी बांधता येत नाही, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलेलंही नाही.

आता तुमच्या ओळीवर येते. पहिले तीन रकाने भरले. चौथा होता: बंद का पडलं. शटरवाले काका आता ऐंशीचे आहेत. तेव्हा तरणे होते, दाळ मिलमध्ये काट्यावर काम करून पैसे साठवून त्यांनी दुकान टाकलं होतं. त्यांना विचारलं. ते अगदी सहज म्हणाले, "दाळीत खडे मिसळायचा हो त्यो. मानूस गोड व्हता, पन दाळीत खडे. अन् आमी म्हनून न्हाई, त्यानं सोताच कबूल केलं व्हतं, समद्या बायांसमोर." मी लिहून घेतलं. खिडकीवाल्या बाईंना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, वर कबुलीसकट. तिसरे एक निवृत्त तलाठी, त्यांनीही तेच. मी शाळेत फळ्यावर लिहायची, की तीन वेगवेगळ्या साधनांतून एकच गोष्ट आली तर ती खरी धरायला हरकत नाही. या तिघांनी मात्र एकाच विहिरीतून पाणी भरलं होतं, आणि ती विहीर मी होते. त्या दिवशी घरी येऊन वही बंद केली आणि आठ दिवस उघडली नाही.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी एकदा माझ्या तोंडून लिहिते, कारण ते मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी चौथीत होते. आत्याच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती, आईने पुरणाचा घाट घातला होता. मला किलोभर हरभऱ्याची दाळ आणायला पाठवलं. वर टांगलेल्या डब्यातून दोरा ओढून तुम्ही पुडी बांधलीत आणि नेहमीसारखा बोटात अडकवायचा फासा केलात, कारण मला तो लागायचाच. आणि नेहमीसारखंच म्हणालात, "झुलवत जाऊ नगंस, माय. दोरा कच्चा असतो." हातावर गुळाचा खडा ठेवलात. मी गूळ चघळत निघाले आणि शाळेपर्यंत पुडी झुलवत गेले. शाळेसमोर रस्त्याचं काम चाललं होतं, नवा मुरूम पसरला होता. तिथे दोरा तुटला. दाळ मुरमात सांडली.

मी खाली बसून दोन्ही हातांनी ती गोळा केली. तुम्हाला सांगते, लाल धुळीने माखलेली हरभऱ्याची दाळ आणि बारीक मुरूम यांच्या रंगात फार फरक राहत नाही. फाटलेल्या कागदात कशीबशी बांधली आणि घरी निघाले. आईने पुडी सोडली, दाळ ताटात घेतली आणि म्हणाली, "अगं बाई, हे काय, एवढे खडे?" मी म्हटलं, "अप्पांनी अशीच दिली." बस, एवढंच वाक्य. तिने निवडली, पाखडली, पण काही राहिलेच. दुसऱ्या दिवशी पंगतीत आत्याच्या सासऱ्यांच्या दाताखाली खडा आला. त्यांनी घास बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. आईचा चेहरा मला अजून दिसतो. तिने आयुष्यात एवढी मान खाली घातलेली मी पुन्हा पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी उरलेली दाळ वाटीत घेऊन ती तुमच्या ओट्यावर आली. मी तिच्या पदरामागे. दुकानात चार-पाच बाया होत्या. आई म्हणाली, "पाव्हन्यांसमोर नाक कापलंत आमचं. ही दाळ हाय का मुरूम?" तुम्ही वाटी घेतलीत, दाळ तळव्यावर ओतलीत, त्यातला एक खडा उचलून बोटात चोळलात. तो लाल होता. तुमची दाळ मिलची, फार तर काळ्या मातीचं ढेकूळ निघायचं. लाल खडा तिच्यात कुठून येणार? तुम्ही खडा पाहिलात, मग पदराच्या बाजूने माझ्याकडे पाहिलंत. मी खाली बघितलं. माझ्या चपलांना तोच मुरूम लागलेला होता. मग तुम्ही म्हणालात, "चुकलं असंल, ताई. माझ्याकडूनच आलं असंल." आणि तिथेच सूप घेऊन दुसरी किलोभर दाळ स्वतः निवडून, चांगला दुहेरी दोरा घालून, आईच्या हातात दिलीत. माझ्या नाही.

ते एक वाक्य पुरलं. "त्यानं सोताच कबूल केलं." तुम्ही नाही म्हटलं असतंत, भांडला असतात, तर चार दिवसांत लोक विसरले असते, बायका-बायकांत दोन बाजू पडल्या असत्या. तुम्ही तर पुढे प्रत्येक गिऱ्हाइकासमोर दाळ सुपात घेऊन निवडायला लागलात, आणि लोक म्हणाले, बघा, आता निवडतो, म्हणजे आधी होतेच. माणसं समोरच्या शटरकडे वळली. एकदम नाही, एकेक घर. आईने तर त्याच दिवशी तुमचं दुकान सोडलं. मी शाळेतून येताना पलीकडच्या बाजूने यायला लागले, ओट्याकडे न बघता. मी सहावीत असताना एके दिवशी फळ्या लागलेल्या दिसल्या आणि कळलं की तुम्ही जावयाकडे हिमायतनगरला गेलात. मला बरं वाटलं होतं, अप्पा. हे लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं होतं.

नांदेडच्या स्टँडवर तुम्ही भेटलात तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. हिमायतनगरच्या गाडीची वाट बघत तुम्ही फलाटावर पोत्यावर बसला होतात. मी तुम्हाला ओळखलं आणि खांबाआड झाले. पण तुम्ही हाक मारलीत. "कडुलिंबाची न्हवं तू? काय करून राहिली हितं?" मी सांगितलं. "मास्तरीन? वा गं माय. काय शिकवतीस?" इतिहास म्हटलं. तुम्ही हसलात, "मंग लाभ, दोन, तीन न्हाई शिकवत?" मीही हसले. तुमच्या मांडीवर फुटाणे होते. त्यातले अर्धे तुम्ही वर्तमानपत्राच्या तुकड्यात घातलेत, हात अजून तसेच चालत होते, चार घड्यांत पुडी झाली. दोरा नव्हता. माझ्या हातात न देता तुम्ही माझी पर्स उघडायला लावलीत आणि आत ठेवलीत. "पिशवीत ऱ्हाऊ दे," म्हणालात. मला बोलायचं होतं. "अप्पा, ती दाळ" एवढे शब्द ओठांवर आलेही होते. मग गाडी लागली, लोक धावले, तुमचं पोतं चढवायला मी हात लावला आणि गाडी गेली. गाडीमुळे राहिलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. गाडी लागल्यावर सुटेपर्यंत चांगली दहा मिनिटं उभी होती.

तुम्ही गेल्याचं मला शाळेतच कळलं. हिमायतनगरचे एक शिक्षक आमच्याकडे होते, त्यांच्या गल्लीत तुमचे जावई. मी पेपर तपासत होते. "बरं," म्हटलं आणि पुढचा पेपर घेतला.

आठ दिवसांनी वही उघडली आणि पुन्हा शटरवाल्या काकांकडे गेले. का गेले, ते मलाच नीट सांगता येणार नाही. त्यांच्याकडून काहीतरी वेगळं निघावं, दुकान बंद पडायचं दुसरं कारण निघावं, असं वाटत असणार. मी विचारलं, अप्पा जाताना काय झालं? ते म्हणाले, "काय व्हायचं. ऱ्हायलेला माल मला देऊन गेला. अन् गिऱ्हाइकं सांगून गेला." मला समजेना. मग त्यांनी सांगितलं की जुने दुकानदार दुकान सोडताना आपली घरं दुसऱ्याला समजावून देत असत. तुम्ही त्यांच्या नव्या दुकानात दुपारभर बसलात आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक घर सांगितलंत, आधीच तुम्हाला सोडून त्यांच्याकडे गेलेलंही. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला दात नाहीत, त्याला पातळ पोहे द्या. तलाठ्याच्या घरी चहाची भुकटी बारीक लागते. पलीकडची नवी सून यादी विसरते, बोटं मोजून आठवते, तिला घाई करू नका. काकांना ही सगळी घरं अजून पाठ होती. त्यांचंच दुकान तुमच्या गिऱ्हाइकांवर उभं राहिलं, आणि ती गिऱ्हाइकं तुम्ही हाताला धरून नेऊन दिलीत.

मी विचारलं, आमच्या घराचं काय सांगितलं? काका हसले. "तुमचं ध्यानात ऱ्हायलंय बगा, कारन मला ते समजलंच न्हाई. म्हनला, त्या घरची पोरगी आली तर पुडीला फासा करून देऊ नगा. पिशवीत घाला अन् पिशवी हातात द्या. मी म्हनलं, का हो अप्पा? तर म्हनला, लेकरू हाय. झुलवतंय."

मी वहीत काही लिहिलं नाही. मला एकदम आठवलं, शटरवाल्यांकडे सगळ्या पोरींना पुडीला फासा मिळायचा आणि मला एकटीला कापडी पिशवी. मला त्याचा राग यायचा. पिशवी दुसऱ्या दिवशी परत नेऊन द्यावी लागायची. सहावी ते दहावी मी ती पिशवी नेत-आणत होते. "मग खड्यांचं काय, काका?" मी विचारलं. "ते येगळं," ते म्हणाले. "ते तर त्यानं कबूलच केलं व्हतं की." पन्नास वर्षं या दोन्ही गोष्टी त्या माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी बसून आहेत आणि एकमेकींशी बोललेल्या नाहीत. मीही त्यांची ओळख करून दिली नाही. चहा घेतला आणि उठले.

आईला मात्र सांगितलं. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. पाकिटातली दाळ, मशीनने साफ केलेली, तीही ताटात पसरून निवडते. त्या अप्पापासून भरवसा उडाला, असं प्रत्येक वेळी म्हणते. परवा दुपारी ती निवडत बसली होती. मी म्हटलं, "आई, ते खडे अप्पांचे नव्हते. पुडी माझ्याकडून फुटली होती, शाळेसमोर." तिचा हात थांबला. "मुरूम व्हता का?" मी हो म्हटलं. "तरीच. मी तवाच म्हनलं, खडा लाल कसा." पुन्हा हात चालू झाला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तवा सांगितलं असतंस तर लई मारलं असतं तुला." मी म्हटलं, माहीत आहे. "लई मारलं असतं," ती पुन्हा म्हणाली, आणि मग, "त्या पुस्तकात माझं नाव नको घालू." दिवे लावताना तिने आपणहून म्हटलं, "चांगला व्हता गं त्यो मानूस."

लेख दिला आहे. तुमच्यावर दीड पान आहे, सगळ्यांत जास्त. त्यात साफ लिहिलंय की दाळ स्वच्छ होती, खडे शाळेसमोरच्या मुरमाचे होते, पुडी एका मुलीच्या हातून रस्त्यात फुटली आणि तुम्ही ते ओळखूनही स्वतःवर घेतलंत. गिऱ्हाइकं सांगून देण्याचंही लिहिलंय. सचिवांनी वाचून फोन केला. "हे तर नवीनच आहे, मॅडम. याला साधन काय?" लेखाला जोडलेल्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं: प्रत्यक्षदर्शीची माहिती. तेच वाचून दाखवलं. ते म्हणाले, अच्छा, मग ठीक आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. वहीच्या शेवटच्या पानात ठेवीन. पण तुम्हाला सांगते, प्रत्यक्षदर्शी हा शब्द मी फार विचार करून काढला. उद्या सकाळी प्रूफ येणार आहे. त्या शब्दाच्या जागी "मी" एवढंच लिहायचं आहे, आणि लिहीन असं आता तरी वाटतंय. पण चौथीत असताना फाटकी पुडी छातीशी धरून घरी चालले होते, तेव्हाही दारापर्यंत मला असंच वाटत होतं.